आत्याबाईंचा अल्टरनेटर

"आत्या, आता पुरे. ही गाडी भंगारात द्यायची," भाचा म्हणाला.

"दे की. जाताना मलाही त्याच ट्रकमध्ये बसव," आत्याबाई म्हणाल्या. "वजनाला मी बरी आहे. तुझा तोटा व्हायचा नाही."

भाचेसून पाण्याचे ग्लास ठेवून मुकाट्यानं आत निघून गेली. बोलण्याच्या मनःस्थितीत ती नव्हतीच. थोड्या वेळापूर्वी आत्याबाईंची जुनी, फिकट निळी गाडी तिला पोटात घेऊन भर चौकात, सिग्नल हिरवा होण्याच्या नेमक्या क्षणाला, एक उसासा टाकून बंद पडली होती. मागे बस, बसच्या मागे ट्रक आणि प्रत्येकाचा हात हॉर्नवर. आत्याबाईंनी खाली उतरून बसच्या ड्रायव्हरला, "दोन गाड्यांत अंतर किती ठेवायचं असतं?" असं विचारलं होतं. तो उत्तर आठवेपर्यंत गाडी बाजूला ढकलण्याचं काम भाचेसुनेवर आलं, आणि तिच्या पायात नव्या चपला होत्या.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडून निकाल दिला, "बॅटरी पार उतरलीय. चार्जच होत नाहीये. अल्टरनेटर गेला तुमचा." अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या कुशीत पट्ट्यावर फिरणारा, सोललेल्या नारळाएवढा एक गोळा. गाडी चालू असताना तो वीज तयार करतो आणि बॅटरीचं पोट भरत राहतो. तो संपावर गेला की बॅटरी साठवलेल्यावर चार घटका काढते आणि मग गाडी असेल तिथे मान टाकते. अलीकडे आत्याबाईंच्या गाडीनं बाजारात, बँकेसमोर आणि एकदा अग्निशमन दलाच्या फाटकात मान टाकली होती.

भाचा विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायचा. त्यामुळे त्याला रिकाम्या रस्त्यावरसुद्धा अपघात दिसत.

"तो ट्रक थांबला नसता तर?" त्यानं विचारलं.

"थांबला ना?"

"नसता थांबला तर?"

"तर मी त्याला नापास केला असता."

हे काही नुसतं तोंडाचं बोलणं नव्हतं. आत्याबाईंनी उभी नोकरी वाहन परवाना कचेरीत काढली होती. गाडी चालवायची परीक्षा घेणं हे त्यांचं काम. उमेदवाराच्या शेजारी बसायचं, मांडीवर पॅड, हातात पेन. थांब म्हणायचं असलं की त्या तोंडानं बोलत नसत, पेन डॅशबोर्डवर टकटक वाजवत. आणि परीक्षा संपली की एकच वाक्य, "तयारी करून या." निम्मं शहर त्या वाक्याखालून गेलं होतं. लोक पाठीमागे त्यांना नापासबाई म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. किंबहुना त्याचा त्यांना थोडा अभिमानच होता. सख्ख्या भाच्यालासुद्धा त्यांनी तीनदा परत पाठवला होता. चौथ्यांदा तो दुसऱ्या परीक्षकाकडे पास झाला, पण त्या लायसन्सला आत्याबाई अजून मानत नव्हत्या.

"तुला कुठे जायचं असलं की मला फोन कर," भाचा आवाज मऊ करून म्हणाला. "मी सोडीन."

"तुला वेळ असेल तेव्हा."

"हो, म्हणजे ऑफिस सांभाळून."

"म्हणजे माझा दात तुझ्या सुट्टीच्या दिवशी दुखायला हवा. मैत्रिणीला तुझ्या सवडीनं भेटायचं, आणि कंटाळा आला तर तो शनिवारपर्यंत धरून ठेवायचा."

बोलताना त्यांचा आवाज चढला होता, पण खरं सांगायचं तर त्या घाबरल्या होत्या. एकटं राहणं त्यांना कधीच जड गेलं नव्हतं. स्वतःच्या मर्जीनं उठावं, चावी उचलावी आणि निघावं, एवढं असलं की एकटं घरही मोठं वाटतं. चावी गेली की तेच घर डब्याएवढं होतं. भाचा प्रेमानं बोलतो आहे हेही त्यांना कळत होतं, आणि म्हणून जास्तच राग येत होता.

"ऐक," त्या उठल्या. "येत्या रविवारी सकाळी ही गाडी मी स्वतः चालवत तुझ्या दारात आणीन. कुणी ओढणार नाही, कुणी ढकलणार नाही. नाही आणली तर भंगारवाल्याला बोलाव. चावी मी माझ्या हातानं त्याच्या हातात देईन."

"दुरुस्त कोण करणार? शहरातल्या एकूण एक मेकॅनिकला तू नापास केलंयस."

"मी करीन."

आतून भाचेसुनेचा ठसका ऐकू आला.

भाच्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आत्याबाईंनी चार गॅरेजांना फोन केले. चारही ठिकाणी नाव ऐकताच पलीकडे एक गोड शांतता पसरली आणि मग, "ठेवून जा बाई, सवडीनं बघू," असं उत्तर आलं. एकानं तर, "तयारी करून बघतो," असंच म्हटलं. तेव्हा आत्याबाईंनी बाह्या सरसावल्या आणि त्या थेट स्पेअर पार्टच्या दुकानात गेल्या.

दुकानदार काउंटरमागे जेवणाचा डबा सोडून बसला होता. आत्याबाई दारात दिसताच तो घास हातात तसाच धरून उभा राहिला. रिव्हर्समध्ये गाडी लावताना त्यानं एकदा परवाना कचेरीची कुंपणाची भिंत पाडली होती. भिंत नंतर बांधली गेली, पण त्याची पाठ अजून आत्याबाईंसमोर ताठ व्हायची.

"अल्टरनेटर दुरुस्त करायचाय. सामान दाखवा," त्या म्हणाल्या.

"किट आहेत ना, बाई." त्यानं घाईनं हात धुतले आणि काउंटरवर तीन खोकी मांडली. "हा लहान किट. यात कार्बन आणि बेअरिंग. घासून झिजणारं तेवढंच असतं. हा मधला. यात त्याशिवाय रेग्युलेटर आणि डायोडची प्लेट. आणि हा मोठा. हा दुरुस्तीचा नाही, हा अपग्रेडचा. यात आतलं तांब्याचं गुंडाळं जाड, पुली वेगळी, सगळंच दांडगं. ज्यांना चार-चार जादा दिवे नि मोठमोठे स्पीकर लावायचे असतात ते नेतात. तुम्हाला लहान किट पुरे होईल."

इथे त्यानं जन्माची चूक केली. आत्याबाईंना काय पुरे होईल हे दुसऱ्यानं सांगितलेलं त्यांना खपत नसे.

"का? मी काय शिकाऊ आहे?"

"तसं नाही, बाई. गाडी लहान आहे, जुनी आहे..."

"माणूस जुनं झालं की त्याला लहान किट द्यायचा, हो ना? सगळ्यांचं एकच चाललंय. मला दुरुस्ती नकोच. सुधारणा हवी. मोठा द्या."

"पण बाई, आधी बघायला हवं ना. अल्टरनेटर कुठल्या बनावटीचा आहे? अंगावर नंबर असतो, तो काय आहे? पुलीला खाचा किती? आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो का? बॅटरीचं चित्र असतं बघा त्याच्यावर."

"अजिबात लागत नाही," आत्याबाई ठसक्यात म्हणाल्या.

दुकानदार गोंधळला. "लागत नाही? चार्जिंग होत नसेल तर तो लागायला पाहिजे. बरं, नुसती चावी फिरवल्यावर तरी..."

"परीक्षा तुम्ही घेताय की मी?"

दुकानदाराची पाठ ताठ झाली. राहिलेला प्रश्न त्यानं गिळला आणि मोठं खोकं कागदात बांधून दिलं.

आता खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांची ओळख करून द्यायला हवी. हे गृहस्थ निवृत्त झाले होते आणि त्यांना गाडी चालवता येत नव्हती. कधी शिकायलाही गेले नव्हते. साहजिकच सगळ्या शहरात आत्याबाईंना न घाबरणारा हा एकच माणूस उरला होता. शिवाय त्यांच्याकडे पकडी होत्या. आत्याबाईंच्या घरात वस्तू जास्त नव्हत्या. टुकटुक करणाऱ्या, लुकलुकणाऱ्या, आठवण करून देणाऱ्या वस्तूंना तर त्या घरात थाराच नव्हता. दारावरची कर्कश घंटा त्यांनी काढून टाकली होती, बोलणारा वजनकाटा कुणाला तरी देऊन टाकला होता, आणि सीटबेल्ट लावायला विसरलं की केकाटणारा गाडीतला भोंगा पहिल्याच महिन्यात उपटला होता. सीटबेल्ट त्या कधीच विसरत नसत. राग होता तो विचारण्याचा. आयुष्यभर दुसऱ्यांना तपासलेल्या बाईला आपल्यावर कुणी डोळा ठेवलेला सोसत नव्हता.

चौकातून घरी ओढून आणलेल्या गाडीचे बोल्ट दोघांनी मिळून सोडवले, पट्टा उतरवला आणि अल्टरनेटर इंजिनातून काढून जेवणाच्या टेबलावर जुन्या चादरीवर आणून ठेवला. दंतवैद्यांनी टेबललॅम्प वाकवून त्याच्या तोंडावर धरला.

"कधीपासून त्रास आहे?" ते सवयीनं म्हणाले.

"डॉक्टर, पकड आणा."

अल्टरनेटर दोन भागांत उघडला. मधला फिरणारा गाभा बाहेर आला. जुनं बेअरिंग दांड्यावर घट्ट बसलं होतं, आणि ते ओढताना दंतवैद्यांच्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षांत न दिसलेलं तेज आलं. "अक्कलदाढ आहे!" ते म्हणाले आणि एका गचक्यात बेअरिंग हातात घेऊन खुर्चीसकट मागे आदळले. खुर्चीचा पाय मोडला, पण दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही. काढण्यात ते खरोखर तरबेज होते. पंचाईत पुढे झाली, कारण नवं बसवण्याची त्यांना सवय नव्हती.

मोठ्या किटातलं बेअरिंग जुन्या जागेपेक्षा मोठं निघालं. तांब्याचं गुंडाळं आत जाईना. पुली तर अशी दांडगी की ती लावली तर पट्टा पुरणार नाही.

"थोडं घासून बघू?" दंतवैद्य म्हणाले. "कवळी आम्ही घासूनच बसवतो."

त्यांनी घासलं. बेअरिंग पोलादी होतं, त्याला ओरखडासुद्धा उठला नाही, पण कानसेची धार गेली.

"आणि ही बारकी तार कुठे जाते हो?" पुन्हा खाली गाडीपाशी आल्यावर आत्याबाईंनी बॉनेटमध्ये बोट दाखवून विचारलं. अल्टरनेटरला एक जाड तार होती, ती बॅटरीकडे जात होती. पण दुसरी एक सुतळीएवढी तार इंजिनामागच्या पत्र्यातून आत, सीटच्या बाजूला, नाहीशी झाली होती.

दंतवैद्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "नस असणार. नसेला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी आत्याबाई अल्टरनेटरचे सगळे अवयव भाजीच्या पिशवीत भरून, मोठं खोकं बगलेत मारून बसनं दुकानाकडे निघाल्या. पिशवी इतकी जड होती की तिच्यासाठी शेजारची सीट लागली.

"सामानाचं वेगळं तिकीट पडेल," कंडक्टर म्हणाला.

"सामान नाही, पेशंट आहे," आत्याबाई म्हणाल्या; पण नियम तो नियम, तिकीट त्यांनी काढलं. त्यासाठी पर्समधला चिल्लरचा कप्पा मांडीवर उलटा करावा लागला. सेफ्टीपिना, एक बटण, हेअरपिन, शेंगदाण्याएवढा एक दिवा, आल्याच्या वडीचा कागद असं सगळं उपसल्यावर तळाशी नाणी सापडली.

दुकानदारानं पिशवीत डोकावून पाहिलं, मोठ्या खोक्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. हसणं म्हणजे मरण, हे त्याला कळत होतं. त्यानं बेअरिंग मोजलं, गुंडाळं तपासलं, पुलीच्या खाचांवरून बोट फिरवलं.

"बाई, रागावू नका. मोठा किट तुमच्या गाडीचा नव्हेच. खरं म्हणजे आतलं तांबं एकदम ठणठणीत आहे. लहान किट..."

"मधला," आत्याबाई म्हणाल्या.

"लहानच पुरे..."

"मोठा बसत नाही हे मी मान्य केलं. लहान मी नेणार नाही. मोडेन पण वाकणार नाही, तेव्हा मधला द्या आणि विषय संपवा."

दुकानदारानं मधलं खोकं काढलं. देता देता त्याचा संयम सुटलाच. "पुढच्या वेळी नंबर बघून, तयारी करून..." एवढं बोलून तो थबकला. आत्याबाईंनी खोकं उचललं आणि त्या बाहेर पडल्या. बसथांब्यापर्यंत त्यांचे कान लाल होते.

मधला किट मात्र मापाबरहुकूम बसला. आत्याबाईंनी कार्बन बसवले, रेग्युलेटर बदलला, बेअरिंगं ठोकली. वायरीला कथलाचा डाग द्यायचं काम दंतवैद्यांनी केलं आणि "आता दोन तास काही खायचं नाही," असं सांगितलं. गाभा बोटानं फिरवला की भिंगरीसारखा नि:शब्द फिरत राहायचा. आत्याबाई जेवता जेवता डावा हात लांबवून तो पुन्हा पुन्हा फिरवत होत्या. हे आपण केलं, या आनंदात त्यांना दोन घास जास्त गेले. शनिवारी संध्याकाळी अल्टरनेटर गाडीत चढला, बॅटरी दंतवैद्यांच्या घरातल्या इन्व्हर्टरवर पोटभर चार्ज होऊन आली, आणि आत्याबाईंनी चावी फिरवताच इंजिन पहिल्या हाकेला ओ देऊन उठलं.

"ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "म्हणे भंगार!"

रविवारी सकाळी भाचा साक्षीदार म्हणून आत्याबाईंच्या दारात हजर झाला. खिशाला पेन होतं. भंगारवाल्याला त्यानं आपल्या घरापाशी ट्रक घेऊन थांबायला सांगितलं होतं.

"बस शेजारी, आणि डोळे उघडे ठेव," आत्याबाई म्हणाल्या. दंतवैद्य मागे बसले. ऑपरेशननंतर पेशंटला एकटं सोडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

भाचा शेजारच्या सीटवर बसला, सीट थोडी मागे सरकवली, आणि तिथे बसल्यावर त्याला काय झालं कोण जाणे. त्यानं खिशातलं पेन काढलं आणि डॅशबोर्डवर टकटक वाजवलं.

"निघा," तो म्हणाला. आत्याला त्यानं जन्मात कधी 'निघा' म्हटलं नव्हतं.

आत्याबाईंनी त्याच्याकडे तिरकं पाहिलं आणि गाडी काढली. गाडी सुरेख चालत होती. पहिल्या वळणावर भाचा म्हणाला, "डावीकडे घ्या. चढावरून."

"घर सरळ आहे तुझं."

"परीक्षेचा रस्ता चढावरून जातो. मला तीनदा नेलं होतंत."

चढावर त्यानं गाडी थांबवायला लावून पुन्हा काढायला लावली. आत्याबाईंनी ती केसभरही मागे येऊ दिली नाही. मग त्यानं दोन मोटारींमधल्या फटीत रिव्हर्सनं लावायला सांगितली. त्यांनी लावली. मग त्याला मजा यायला लागली.

"हेडलाइट लावा. चालतात का बघू. वायपर. पंखा. मागची काच तापवायचं बटण. हॉर्न द्या. आणखी एकदा."

"सकाळच्या उन्हात वायपर?"

"उमेदवारानं प्रश्न विचारायचे नसतात."

हे वाक्यही त्यांचंच होतं. आत्याबाईंनी दात-ओठ खाल्ले आणि सगळी बटणं दाबली. लखलखीत उन्हात फिकट निळी गाडी दिवे लावून, कोरड्या काचेवर वायपर खरवडत, हॉर्न वाजवत शहरातून निघाली. लोक थांबून पाहायला लागले. जुने नापास झालेले काही जण तर दुकानाबाहेर आले.

बाजाराच्या तोंडाशी हॉर्नचा घसा बसला. मग वायपर अर्ध्या काचेवर पेंगायला लागले. वळण्याचा सिग्नल लुकलुकण्याऐवजी पेंगुळल्या डोळ्यासारखा मिटला तो उघडेना. आणि भाच्याचं घर दोन गल्ल्यांवर असताना, बरोबर स्पेअर पार्टच्या दुकानासमोर, गाडीनं तोच ओळखीचा उसासा टाकला आणि ती थांबली.

आत्याबाईंचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. त्यांनी चावी फिरवून पाहिली, गाडी नुसती 'टक' म्हणाली. रात्रभर त्यांनी मनात भाच्याचा चेहरा रंगवला होता, दारात गाडी उभी राहिल्यावरचा. तो आता दिसणार नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

भाच्यानं पेन खिशात ठेवलं. जिंकल्याचा आनंद त्याला व्हायला हवा होता, पण झाला नाही. काहीतरी बोलायचं म्हणून तो डॅशबोर्डवर विषय शोधायला लागला.

"आत्या," तो हळूच म्हणाला, "चावी फिरवलीस तेव्हा लाल दिवा लागला नाही."

"कुठला दिवा?"

"बॅटरीचा. चावी फिरवली की आधी तो लागतो आणि गाडी सुरू झाली की विझतो. सुरू करण्याआधी तो बघायचा असतो. तिसऱ्या वेळी तू मला यासाठीच नापास केलं होतंस. 'गाडी काय म्हणते ते आधी ऐका, मग इंजिन सुरू करा.' मला अजून पाठ आहे."

"तो मी काढून टाकला," आत्याबाई म्हणाल्या.

"काढून टाकला?"

"रोज सकाळी गाडीत बसले की मी काही करायच्या आधीच माझ्यावर डोळे वटारायचा! मी काय..." बोलता बोलता त्या थांबल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर जेवणाचं टेबल आलं, उघडलेला अल्टरनेटर आला, आणि पत्र्यातून आत जाणारी सुतळीएवढी तार आली. ती आत येत होती. सीटच्या बाजूला. डॅशबोर्डकडे.

"डॉक्टर," त्या सावकाश म्हणाल्या, "ती नस या दिव्याकडे येते."

सगळा घोळ त्यांना एका झटक्यात उलगडला. अल्टरनेटर वीज तयार करतो खरा, पण जागं व्हायला त्यालाही आधी विजेचा एक थेंब लागतो. तो थेंब त्या दिव्यातून जायचा. दिवा लागायचा म्हणजे गाडी त्यांच्यावर डोळे वटारत नव्हती, अल्टरनेटरला उठवत होती. दिवा काढला त्या दिवसापासून बिचारा झोपूनच फिरत होता. आणि त्यांनी त्या झोपलेल्याला फाडून, त्याची हाडं बदलून, पुन्हा शिवला होता.

"मग दिवा आता आहे कुठे?" दंतवैद्यांनी विचारलं.

आत्याबाईंनी पर्सचा चिल्लरचा कप्पा मांडीवर उलटा केला. काखेत कळसा म्हणतात तो हाच. बसच्या कंडक्टरनंसुद्धा तो पाहिला होता. त्यांनी हेअरपिननं डॅशबोर्डची काच उचकटली, शेंगदाण्याएवढा दिवा जागेवर बसवला आणि चावी अर्धी फिरवली. मेल्या बॅटरीत होता नव्हता तेवढा जीव गोळा करून लाल दिवा मिणमिणला. आत्याबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"कळलं," त्या त्याला म्हणाल्या. मग मान वळवून गरजल्या, "बघताय काय? सगळी बटणं बंद करा नि ढकला!"

भाचा उतरला, दंतवैद्य उतरले, दुकानदार काउंटर सोडून धावत आला. तिघांनी खांदा लावला. "सरळ ठेवा! पाठ वाकवू नका! आरशातून मला सगळं दिसतंय!" आतून हुकूम सुटत होते. गाडीनं वेग घेतला, आत्याबाईंनी क्लच सोडला, इंजिन दोनदा शिंकलं आणि धडधडून उठलं. लाल दिवा विझला. भाचा आणि दंतवैद्य धावत येऊन परत आत बसले. हॉर्नचा घसा मोकळा झाला, आणि तो त्यांनी गल्ली संपेपर्यंत वाजवला.

भाच्याच्या दारात भंगारवाला ट्रकला टेकून उभा होता. निळी गाडी इतक्या तोऱ्यात आली की त्यानं घाईनं आपला ट्रक मागे घेतला. भाचेसून दारात आली. आत्याबाईंनी गाडी कडेला लावली, हँडब्रेक ओढला आणि हाताची घडी घातली.

"निकाल?" त्यांनी विचारलं.

भाच्यानं पेन काढून डॅशबोर्डवर एकदा वाजवलं.

"नापास."

"काय?"

"ढकलायची नाही असं ठरलं होतं. ढकलावी लागली. शिवाय सुरू करण्याआधी दिवा बघितला नाही."

आत्याबाईंचा चेहरा उतरला. पण ठरलं ते ठरलं. त्यांनी चावी काढली आणि हात खिडकीबाहेर धरला. भंगारवाला पुढे झाला. "मग उचलू का, साहेब?"

"थांबा हो," भाचा म्हणाला. "नापास झालेल्या माणसाची गाडी कुणी उचलून नेतं का?" मग आत्याकडे न बघता, काचेतून सरळ समोर बघत तो म्हणाला, "तयारी करून या. पुढच्या रविवारी."

सगळ्या शहराला ऐकवलेलं ते वाक्य अंगावर घेताना कसं लागतं, हे आत्याबाईंना त्या दिवशी कळलं. लागतं खरं, पण त्यात पुन्हा यायचं आमंत्रणही असतं, हे त्यांना स्वतः बोलताना कधी जाणवलं नव्हतं. त्यांनी चावी परत आत घेतली.

"हा निकाल मला मान्य नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी बघते तुला."

त्या पुढच्या रविवारी आल्या, त्याच्या पुढच्याही आल्या. दर वेळी भाचा शेजारी बसतो, चढावरून नेतो, काहीतरी खुसपट काढतो आणि नापास करतो. दर वेळी कडाक्याचं भांडण होतं आणि मग त्या जेवायला थांबतात. लाल दिवा रोज लागतो, त्याला आत्याबाई रोज "कळलं, कळलं," म्हणतात.

दंतवैद्यांना मात्र एक शंका आहे. आठवडाभर आत्याबाई त्यांना शेजारी बसवून गावभर फिरतात, आणि एक चूक होत नाही. रविवारी भाच्याच्या गल्लीच्या तोंडाशी आलं की मात्र वळायचा सिग्नल द्यायला त्या नेमक्या विसरतात.